ओतूरचा चित्रकार आणि पुस्तकांचे चेहरे

जुन्नर तालुक्यातील ओतूर हे मांडवी नदीकाठचे गाव कपर्दिकेश्वराच्या मंदिरासाठी आणि श्रावणी सोमवारी तेथे रचल्या जाणाऱ्या तांदळाच्या पिंडींसाठी प्रसिद्ध आहे. याच गावाने महाराष्ट्राला दोन कलावंत भाऊ दिले. लेखक डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) हे थोरले, तर चित्रकार सुभाष अवचट हे धाकटे. त्यांपैकी सुभाष अवचट यांची कारकीर्द पाहिली, की उपयोजित कला आणि चित्रकला यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे ध्यानात येते.

अवचट प्रथम परिचित झाले ते पुस्तकांच्या मुखपृष्ठांमुळे. मराठी मुखपृष्ठाला दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी लोकप्रियता मिळवून दिली होती. पुढच्या पिढीतील अवचटांनी शेकडो पुस्तकांना चेहरा दिला. हे काम वरवर वाटते तितके मोकळे नसते. पुस्तकाचा आशय, कागदाचा आकार आणि छपाईचा खर्च अशा तीन चौकटींत चित्रकाराला वावरावे लागते. ब्लॉकवर छपाई होत असे, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे आणि तोच कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे. रंग वाढला की खर्च वाढे. त्यामुळे दोन-तीन रंगांतच भागवायचे आणि कागदाची कोरी जागाही रंगासारखी वापरायची, हे कसब चित्रकाराला साधावे लागे. शीर्षकाची अक्षरेही बहुधा हातानेच रेखाटली जात. ऑफसेट छपाई रुळल्यावर ही बंधने सैल झाली.

मुखपृष्ठे आणि रेखाटने करता करता अवचट कॅनव्हासकडे वळले. त्यांच्या हमाल आणि विदूषक या विषयांवरील चित्रमालिका विशेष गाजल्या. एक दुसऱ्याचे ओझे वाहतो, दुसरा स्वतःचे दुःख झाकून इतरांना हसवतो. हमाल हा विषय महाराष्ट्राला नवा नव्हता. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांची संघटना बांधली होती आणि १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला होता. अनिल अवचटांनीही कष्टकऱ्यांचे जगणे शब्दांत मांडले. थोरल्या भावाने लेखणीने टिपलेला माणूस धाकट्याच्या कुंचल्यातूनही उतरला. पुढे सुभाष अवचटांनी स्वतःही लेखणी हाती घेतली. 'स्टुडिओ' हे पुस्तक आणि 'रफ स्केचेस' हे सदर ही त्याची उदाहरणे होत.

असाच प्रवास जपानमधील तादानोरी योकू यांचा आहे. १९३६ मध्ये ह्योगो प्रांतात जन्मलेले योकू भित्तिचित्रांचे संकल्पक म्हणून जगभर नावाजले गेले. १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे पिकासोचे प्रदर्शन पाहिल्यावर ते चित्रकलेकडे वळले. मात्र त्यांची जुनी भित्तिचित्रे दुय्यम ठरली नाहीत. ह्योगो प्रांतातीलच कोबे शहरात २०१२ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले आणि तेथे भित्तिचित्रे व चित्रे दोन्ही जपली जातात.

मराठी मुखपृष्ठांच्या वाट्याला मात्र असे भाग्य क्वचितच येते. नव्या आवृत्तीबरोबर चित्र बदलते आणि जुने विस्मरणात जाते. वाचनालयात पुस्तक खिळखिळे झाले, की जाड पुठ्ठ्याची बांधणी होते आणि मूळ वेष्टन बहुधा फेकले जाते. नोंदवहीत लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहिली जाते, पण चित्रकाराच्या नावासाठी सहसा रकानाच नसतो. कॅनव्हास संग्राहकाच्या घरी सुरक्षित राहतो, हजारो हातांत गेलेले चित्र मात्र नाहीसे होते.

ही हानी मोठी आहे. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत कलादालन नसते, पण ग्रंथालय असते. गावातील वाचकाला आधुनिक चित्राची पहिली ओळख बहुधा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच होते. ते जपण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. बांधणीपूर्वी वेष्टन उतरवून त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकावा, ते वेगळ्या पाकिटात ठेवावे, शक्य असल्यास त्याची संगणकीय प्रत काढावी आणि नोंदवहीत चित्रकाराच्या नावाचा एक रकाना वाढवावा. ओतूरच्या परिसरातील ग्रंथालयांनी याचा आरंभ केला, तर तो आपल्या भूमिपुत्राच्या कलेचा उचित सन्मान ठरेल.