फळबागेला पाणी : केव्हा आणि किती?

आपल्यापैकी पुष्कळांनी उसाच्या जोडीला एक-दोन एकर डाळिंब लावले आहे. विहीर एक, मोटर एक, आणि पाणी दोन्हीला. मग उसाची पाळी आली की त्यातच डाळिंब भिजवून घ्यायचे, अशी रीत पडते. गटात फिरताना आम्हांला हे नेहमी दिसते. उसाला हे चालून जाते, डाळिंबाला महागात पडते. फळ फुगत असताना जमीन दहा-बारा दिवस कोरडी राहिली आणि मग एकदम पाणी भरले, की साल तडकते. तडकलेल्या फळाला बाजार नाही. भारी जमिनीत पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही, आणि मर रोगाला वाव मिळतो.

केव्हा द्यावे? वरची माती पांढरी पडली म्हणून पाणी सोडू नये. झाडाच्या सावलीच्या कडेला, ठिबक असल्यास ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, फूटभर खोल उकरा. मूठभर माती घेऊन दाबा. मध्यम किंवा भारी जमिनीत घट्ट लाडू वळला व हाताला ओल लागली, तर थांबा. लाडू वळतो पण टिचकीसरशी फुटतो, तर पाण्याची वेळ झाली. लाडूच वळत नसेल, तर उशीर झाला असे समजा.

किती द्यावे? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर बाष्पीभवन रोज मोजतात. उन्हाळ्यात ते 8 मि.मी. धरू. पात्रातून उडते तेवढे पाणी शेतातून उडत नाही, म्हणून त्याला 0.7 ने गुणावे, 5.6 आले. भर पानावरच्या झाडाचा पीक गुणांक 0.8 धरला, तर गरज साधारण 4.5 मि.मी. झाडाची सावली 3 मीटर रुंद असेल, तर क्षेत्र सुमारे 7 चौरस मीटर. म्हणजे रोज झाडाला 31 ते 32 लिटर. ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर असतील तर दोन तास पुरे. हिवाळ्यात बाष्पीभवन 4 मि.मी.वर आले की एकच तास. पाऊस झाला तर आधी माती बघा, मग मोटर चालू करा.

बहार धरण्यापूर्वीचा ताण ही गोष्ट वेगळी. तो तोडताना पहिले पाणी बेताचे द्यावे, पुढे हळूहळू वाढवावे.

हा हिशोब ठेवायला वही-पेन्सिल पुरते. आणि बागेत वाचलेले पाणी शेवटी आपल्याच उसाच्या सरीत जाणार आहे.