केळी पिकवणारा दुहेरी बंध

पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या देवपुरात शिरले की हातगाड्यांवर पिवळीधमक केळी दिसतात. रावेर-यावलकडच्या मळ्यांतून निघताना हाच माल हिरवागार आणि टणक असतो. त्याचा रंग आणि चव पालटणारा वायू म्हणजे इथिलीन. दुहेरी बंध असलेल्या अल्कीन कुळातला हा सर्वांत छोटा रेणू: दोन कार्बन, चार हायड्रोजन, बस्स.

इथेनमधल्या दोन कार्बनांना सहा हायड्रोजन चिकटलेले असतात. आणखी कोणाला जागाच नाही, म्हणून तो संपृक्त. इथिलीनमध्ये चारच. उरलेले इलेक्ट्रॉन कार्बनांमध्ये दुसरा बंध बांधतात आणि त्यांच्यातले अंतर १५४ वरून १३४ पिकोमीटरवर येते. पण हा दुसरा बंध पहिल्याइतका पक्का नसतो. ब्रोमीनच्या तांबूस पाण्यात इथिलीन सोडला की तो बंध उघडून ब्रोमीनला धरतो आणि पाण्याचा रंग उडतो.

केळ्यात जे घडते ते त्याहून नवलाचे. पेशीतल्या एका प्रथिनात तांब्याचा आयन बसवलेला असतो. एरवी हे प्रथिन जणू ‘पिकू नको’ असा हुकूम सोडत असते. दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन तांब्याला बिलगले की हुकूम थांबतो. मग पिष्टाची साखर होते, हिरवा रंग जातो आणि फळ स्वतःच आणखी इथिलीन सोडू लागते. आढीत एक फळ पिकले की शेजारची मागे लागतात ती यामुळेच. इथेनला हे जमत नाही.

रशियातल्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याचे कोंब वाकतात, त्याचे कारण इथिलीन असल्याचे दाखवले. फळे स्वतः तो तयार करतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झाले. धुरी देऊन फळे पिकवणाऱ्यांनी मात्र हा वायू नाव न कळता वापरला होता; अर्धवट जळणाऱ्या पाल्यातून तो निघतोच.

आता थंड खोलीत, सोळा-अठरा अंश सेल्सिअसला, हवेच्या दहा हजार भागांत इथिलीनचा एक भाग पुरतो. कायद्याची मर्यादाही तेवढीच. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला मात्र बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन अल्कीन नव्हे, तिहेरी बंधाचा अल्काइन. शिवाय त्यासोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात.

हीच केळी मळ्यात वाढताना त्यांना पाणी देणारी ठिबकची काळी नळीही इथिलीनचीच. हजारो रेणू आपापला दुसरा बंध उघडून एकमेकांना जोडले गेले की पॉलिथीन होते. दुहेरी बंध संपलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षे केळीच्या बुंध्याशी पडून असलेली ती नळी एकही घड पिकवत नाही.