मतपेटीची किल्ली कोणाकडे?

मंगल कार्यालयाचा वरचा मजला लग्नकार्यांसाठी भाड्याने द्यावा, की वसतिगृहातील मुलींसाठी तेथे अभ्यासिका करावी, हा प्रश्न आमच्या मंडळापुढे 2 वर्षे रेंगाळला होता. सर्वसाधारण सभेला 60-70 सभासदांहून अधिक कोणी येत नाहीत. बाकीचे पुण्या-मुंबईस, काही परदेशी. तेव्हा कौल ऑनलाइन घ्यावा आणि वसतिगृहातील मुलींनाही मताचा अधिकार द्यावा, असे ठरले. कार्यकारिणीतील एका तरुण अभियंत्याने एका रात्रीत खाते उघडले, प्रश्न मांडला आणि दुवा सर्वांना पाठविला. मुदत 8 दिवसांची होती. पाचव्या दिवशी पाहिले, तर मतदार 400 च्या आत आणि मते 600 च्या वर!

कुजबुज सुरू झाली. एक बाजू म्हणे, भाडेवाल्यांनी मते कोंबली. दुसरी म्हणे, मुलींनी. खरे कारण याहून साधे होते.

अशी मतदानसेवा मतदाराला ओळखत नाही, त्याच्या यंत्राला ओळखते. मत दिले की ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची बारीकशी खूण ठेवली जाते. तोच मनुष्य दुसऱ्या फोनवरून आला, किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडून आला, की सेवेच्या लेखी तो नवा मतदार. यावर उपाय म्हणून एका इंटरनेट जोडणीवरून एकच मत घेण्याचीही सोय असते. आमच्या अभियंत्याने प्रथम तीच निवडली होती. परंतु वसतिगृहातील मुली एकाच वाय-फायवर! पहिल्या मुलीचे मत स्वीकारले गेले आणि उरलेल्या सगळ्यांना 'आपण मत दिलेले आहे' असे उत्तर मिळाले. ज्यांच्यासाठी अभ्यासिका, त्यांनाच दार बंद. तक्रार येताच त्याने तो निर्बंध काढला आणि मग दार सर्वांनाच सताड उघडे झाले. त्यात लबाडी किती आणि 'आपले मत पोहोचले की नाही' या शंकेने पुन्हा दाबलेली बटणे किती, हे कोणालाच सांगता येईना.

यात आम्हीच अडाणी ठरलो, असे मानण्याचे कारण नाही. 2009 साली 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वाधिक प्रभावशाली व्यक्ती कोण, असा ऑनलाइन कौल घेतला. पहिला आला क्रिस्टोफर पूल, म्हणजे 'मूट' या टोपणनावाने वावरणारा 'फोरचॅन' या संकेतस्थळाचा तरुण संस्थापक. एवढ्यावर भागले नाही. पहिल्या 21 नावांची इंग्रजी आद्याक्षरे ओळीने वाचली, तर 'मार्बलकेक ऑल्सो द गेम' असे निरर्थक वाक्य तयार होत होते. मत नोंदविणारा वेबपत्ता उघडा होता. एखाद्या प्रोग्रॅमने तोच पत्ता पुन्हा पुन्हा उघडला की मते पडत. पुढे प्रत्येक मतासोबत गुप्त संकेताची अट घालण्यात आली. पण तो संकेत बनविण्याचे गुपित वाचकाच्या संगणकावर उतरणाऱ्या प्रोग्रॅममध्येच होते. ते शोधून काढणाऱ्यांनी काढले.

नेमकी हीच चूक आमच्याकडेही झाली होती. निकाल मंडळाच्या संकेतस्थळावर आपोआप दिसावा म्हणून अभियंत्याने सेवेची 'एपीआय की' वापरली होती. एका संगणकप्रणालीने दुसरीशी परस्पर व्यवहार करण्याची खिडकी म्हणजे एपीआय, आणि त्या खिडकीची किल्ली म्हणजे ही लांबलचक अक्षरमाला. ती ज्याच्या हाती, तो खातेदाराच्या नावाने वागू शकतो. सही केलेल्या कोऱ्या धनादेशासारखीच तिची गत. अशी किल्ली सर्व्हरवर, लोकांच्या दृष्टीआड ठेवायची असते. आमची पानाच्या मजकुरातच होती. माऊसचे उजवे बटण दाबून पानाचा स्रोत पाहणाऱ्या कोणालाही ती वाचता आली असती.

मतदान तात्काळ थांबवावे, असे ठरले. पण थांबविणार कोण? खाते अभियंत्याच्या वैयक्तिक ईमेलवर, आणि तो त्याच आठवड्यात नोकरीसाठी जर्मनीस रवाना झालेला. नव्या फोनवरून खाते उघडावयाचे, तर ओटीपी त्याच्या जुन्या भारतीय क्रमांकावर जाणार, आणि तो क्रमांक त्याने निघताना बंद केलेला. बिचारा रोज रात्री फोन करून क्षमा मागे. मुदत संपली, तरी मते पडतच होती.

दुसरे मतदान दोन महिन्यांनी झाले. एका उत्तराची मर्यादा 'गूगल फॉर्म्स'मध्ये घालता येते, पण त्यासाठी मतदाराचे गूगल खाते लागते. आमच्याकडे कित्येक ज्येष्ठांना खाते नाही. काही घरांत चौघांत मिळून एक. व्हॉट्सॲपच्या साध्या पोलमध्ये कोणाचे मत कोठे पडले, हे गटातील सर्वांना दिसते. भावाभावांत जेथे मतभेद, तेथे ते नकोच. म्हणून प्रत्येक मतदाराला एकदाच चालणारा स्वतंत्र संकेतांक दिला. कोणाला कोणता संकेतांक गेला, ती यादी चिटणिसांकडे. आलेली उत्तरे पाहण्याचा अधिकार खजिनदारांकडे. दोघांनी आपापले कागद एकमेकांस दाखवावयाचे नाहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी कार्यालयात कागदी मतपेटी ठेवली. मला विचाराल, तर या सगळ्या व्यवस्थेत मतपेटीच मला सर्वांत समजूतदार वाटली.

खाते या वेळी मंडळाच्या ईमेलवर उघडले, त्याला क्रमांक कार्यालयाच्या फोनचा दिला. जुनी किल्ली संकेतस्थळावरून काढून टाकली आणि नवी सर्व्हरवर ठेवली. द्विस्तरीय पडताळणीचे राखीव संकेत छापून, लिफाफ्यात घालून, पासबुकाशेजारी तिजोरीत ठेवले आहेत. 2 वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते हटविण्याचे गूगलचे धोरण असल्याने, त्यात दर तिमाहीला प्रवेश करावयाचा, अशी नोंद इतिवृत्तात केली आहे. कार्यकारिणी बदलताना सुपूर्द करावयाच्या वस्तूंच्या यादीत आता खुर्च्या, भांडी व शिक्का यांच्याखाली 'मतदानखाते' असा एक शब्द वाढला आहे.

अभ्यासिका 11 मतांनी मंजूर झाली. त्या 11 मतांवर कोणी बोट ठेवले नाही.

जुने मतदान बंद होण्यास त्यानंतरही महिना लागला. अभियंत्याला अखेर प्रवेश मिळाला, तेव्हा आकडा हजारापार गेला होता आणि आघाडीवर होते मंगल कार्यालय.