महाग पेट्रोल म्हणजे चांगलं पेट्रोल?

पंपावर ‘साधं की पॉवर?’ असं विचारलं की नव्या गाडीचा मालक बहुधा पॉवर सांगतो. लिटरमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, इंजिन चांगलं राहील, असा त्यामागचा विश्वास. हौसेची गाडी असते, त्यामुळे तो समजण्यासारखा आहे. पण चुकीचा आहे.

महागड्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन जास्त असतो, आणि ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटलं की इंजिन ‘नॉक’ करतं, चढावर खडखडल्यासारखा आवाज येतो. हे अवेळी पेटणं टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन क्रमांकावरून कळते. क्रमांक वाढला म्हणून लिटरमधली ऊर्जा वाढत नाही. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबलं जातं, त्याला वरच्या ऑक्टेनची गरज असते. १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून आपल्याकडे मिळतं, ते अशाच गाड्यांसाठी. तुमच्या गाडीला काय हवं ते मालकाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतही. तिथे ९१ लिहिलं असेल तर जास्तीचे पैसे वाया जातात.

ई२०बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, मात्र दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालली आहे. ‘इथेनॉलने इंजिन संपतं’ असं एक म्हणतो, ‘काहीच फरक पडत नाही’ असं दुसरा. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे ॲव्हरेज कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हा अंदाज आहे: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट, ई१०साठी बनवून ई२०साठी जुळवलेल्यांत १ ते २ टक्के. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२० सोसतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीत इंजिन एका दिवसात बिघडत नाही, पण रबरी पाइप आणि गॅस्केट सर्व्हिसिंगच्या वेळी मुद्दाम तपासून घ्यायला हवेत. बहुतेक पंपांवर साधं पेट्रोल आता ई२०च असल्यामुळे ही काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं. कोकणातल्या पावसात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर झाकणाचं सील धड आहे ना, हे पाहून ठेवावं.

‘डिझेल गाडी म्हणजे बचत’ हा समज जुना, आणि हिशेबाने सहज सुटणारा. समजा, डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १५, डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १९ धरलं, तर किलोमीटरमागे साधारण २ रुपये २० पैसे वाचतात. दीड लाख भरून निघायला ६८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्याची त्यात साडेनऊ वर्षं जातात. त्यातही एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगलं तापावं लागतं, म्हणजे हायवेवर सलग चालवावं लागतं. रोज घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर सिग्नलला थांबत जाणाऱ्याचा फिल्टर तुंबतो. अशा माणसाने डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीएनजीने इंजिन खराब होतं, हेही खरं नाही. कंपनीने बसवलेल्या किटवर चढाला जोर थोडा कमी पडतो आणि डिकीतली जागा जाते, इतकंच. गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट मात्र चुकवू नये.

आणि डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडलंच, तर ‘थोडंच आहे, वरून डिझेल भरा’ हा सल्ला ऐकू नका. डिझेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पेट्रोल ते धुऊन टाकतं आणि पंप, इंजेक्टर घासले जातात. चावी फिरवू नका, स्टार्टचं बटणही दाबू नका, कारण इग्निशन चालू होताच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन ढकलत बाजूला लावा आणि टाकी रिकामी करणाऱ्या मेकॅनिकला बोलवा.