दूरचित्रवाणीचा अतियोग : निदानपरिवर्जनाचा एक दुर्लक्षित विषय

रुग्णपरीक्षेच्या वेळी आपण कोष्ठ, अग्नी, मल, मूत्र व निद्रा यांविषयी तपशिलाने विचारतो. परंतु रात्रीच्या जेवणाच्या वेळी आणि त्यानंतर रुग्ण काय करतो, हा प्रश्न बहुधा राहून जातो. मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात या एका प्रश्नाच्या उत्तरात अनेक व्याधींचा हेतू सापडतो. औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळी संपवून येतो, मुंबईत नोकरी करणारा लोकलने रात्री आठ-नऊला घरी पोहोचतो. मग ताट हातात आणि दृष्टी पडद्यावर. मालिका व बातम्या संपेपर्यंत अकरा वाजतात, त्यानंतर अंथरुणात मोबाइल. पहाटेची गाडी मात्र चुकत नाही. अशा रुग्णाने अम्लपित्त, मलावष्टंभ, शिरःशूल किंवा अनिद्रेची तक्रार करावी, यात नवल ते काय?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा कार्यक्रमांना वेळेची मर्यादा होती. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका रविवारी सकाळी लागे. ती संपली की मंडळी आपापल्या कामाला लागत. १९९०च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि पुढे प्रक्षेपण अहोरात्र झाले. थांबण्याची वेळ पूर्वी प्रक्षेपण करणारा ठरवीत असे. आता ती प्रेक्षकानेच ठरवावयाची आहे. येथेच प्रज्ञापराधाला वाव मिळाला.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध व परिणाम ही रोगांची तीन कारणे सांगितली आहेत. अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग. अतिजवळचे, भयंकर वा बीभत्स पाहणे हा मिथ्यायोग. मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गुन्हेकथांना याहून नेमके वर्णन कोठले? त्याच अध्यायात निद्रा ही तीन उपस्तंभांपैकी एक मानली आहे. विमानस्थानात तर न बोलता, न हसता, मन लावून जेवावे असा विधी आहे. पडद्यासमोर जेवणाऱ्याचे मन अन्नात नसते आणि किती जेवलो हेही त्याला उमगत नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. रात्रपाळीच्या कामगाराचे जागरण उपजीविकेसाठी असते. असात्म्य जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असा उपाय वाग्भटाचार्यांनी सांगितला आहे व तो त्यास लागू करता येतो. मालिकांसाठी जागणाऱ्यास मात्र सकाळी नोकरी गाठावयाची असते; त्याच्या वाताच्या रूक्षतेस हा उतारा मिळत नाही.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर सामुदायिक उपाय योजला. कोरोनाकाळातील ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते यांच्या कार्यकाळात, गावाने निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे. त्यानंतर साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून वाचन, अभ्यास व संवाद करावयाचा, असा तो नियम होता. आशा व अंगणवाडी सेविकांनी घरोघर जाऊन तो समजावला. यातील मर्म असे की नियम दीडच तासाचा होता, वेळ ठरलेली होती आणि तो साऱ्या गावाला एकच होता. मुलाला अभ्यासाला बसवून पालक मात्र मालिका पाहत आहेत, हा विसंवाद त्यात उरला नाही.

पादांशिक क्रम

शहरी वस्तीत असा भोंगा शक्य नाही. पण आपल्या शास्त्राने व्यक्तीसाठी मार्ग दिला आहे. सवयीचे अहित एकाएकी सोडल्यानेही विकार होतात, म्हणून ते चतुर्थांशाने सोडावे व त्या जागी तेवढेच हित आणावे, असा क्रम चरकसंहितेत आहे. रोज दोन तास पाहणाऱ्याने प्रथम जेवणाचा अर्धा तास वगळावा. तो स्थिरावल्यावर शेवटचा अर्धा तास सोडून त्या वेळी पादाभ्यंग करून निजावे. तिसऱ्या पायरीवर त्याऐवजी शतपावली किंवा मुलांशी गप्पा असाव्यात. उरलेल्या अर्ध्या तासात आवडीचा एकच कार्यक्रम पाहावा. सोडलेला वेळ रिकामा ठेवल्यास जुनी सवय परत येते, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

आपले दवाखाने, आपली दुकाने

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. अविपत्तिकर चूर्ण किंवा त्रिफळा वारंवार मागणाऱ्या ग्राहकास ‘जेवण किती वाजता व कोठे बसून होते?’ एवढे अवश्य विचारावे. एखादी पुडी कमी विकली जाईल, पण विश्वास वाढेल. प्रतीक्षाकक्षात अखंड चालणारा संचही बंद ठेवून पाहावा. रुग्ण आपली लक्षणे आठवून आत येतो.

आणि आपण स्वतः? रोजचे दोन तास म्हणजे वर्षाचे ७३० तास. त्यातील अर्धा तास जरी ग्रंथाला दिला व आठवड्यास एक अध्याय वाचला, तरी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचे तीस अध्याय सात महिन्यांत पुन्हा वाचून होतात. पदवीनंतर ज्यांचे ग्रंथ कपाटातच राहिले, त्यांनी या हिशेबाचा विचार करावा. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाठ आहे. तो रुग्णास सांगणाऱ्या वैद्याच्या घरी आधी गिरविला गेला, तरच त्याच्या शब्दास वजन येईल.