पाटी कुठल्या भिंतीवरची?
जुन्या पाट्यांच्या संग्रहाची सुरुवात

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत जुन्या इनॅमलच्या पाट्या आता दर्शनी भागात टांगलेल्या दिसतात. चहा, साबण, बॅटरी, शिवणयंत्र, रॉकेल. एकेकाळी भंगारात वजनावर जाणाऱ्या या पत्र्यांना हॉटेलांची आणि दिवाणखान्यांची सजावट करणारे लोक आज चांगले पैसे मोजतात. त्यामुळे संग्रह सुरू करू पाहणारा माणूस आधी किमतीची चौकशी करतो. माझ्या मते त्याने आधी विचारावे, ही पाटी कुठल्या भिंतीवरची? कारण पाटीवर छापलेला मजकूर केव्हाही वाचता येतो. ती कुठल्या नाक्यावर, कुणाच्या दुकानावर, कुठल्या दिशेला तोंड करून होती हे मात्र ती उतरवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि दोन हात बदलले की ते कायमचे जाते.

आता पाटी म्हणजे काय ते पाहू. सागवानी फळीवर रंगवलेल्या, काचेच्या मागून उलटी अक्षरे काढलेल्या, पितळी अक्षरे ठोकलेल्या अशा कितीतरी जाती आहेत. (पुणेरी पाट्या हा निराळा, आणि बराच तिखट, विषय.) नवशिक्याने इनॅमलपासून सुरुवात करावी, कारण ती टिकते आणि तिची परीक्षा शिकता येते. लोखंडी पत्रा आम्लात धुऊन त्यावर काचेच्या भुकटीचा थर देतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. पहिला थर काळसर निळा असतो. त्यातल्या कोबाल्टमुळे काच लोखंडाला घट्ट धरते. मग पांढरा, पिवळा, लाल. प्रत्येक रंगासाठी स्टेन्सिल ठेवून नको तिथली भुकटी झाडायची आणि पाटी पुन्हा भट्टीत घालायची. घरोघरच्या इनॅमलच्या टमरेलाची आणि या पाटीची जात एकच. इंग्लंडमध्ये १८८९ साली बर्मिंगहॅमजवळ सेली ओक येथे ‘पेटंट इनॅमल कंपनी’चा मोठा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे आधी विलायती माल येई. पुढे कलकत्त्याच्या ‘बंगाल इनॅमल वर्क्स’सारख्या कारखान्यांनी ते काम घेतले. पाटीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचे नाव सापडले तर ते आधी टिपून घ्यावे.

या पद्धतीतच खऱ्याखोट्याची खूण आहे. पाटी उजेडात तिरपी धरा आणि अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. थरावर थर असल्याने उंचवटा लागतो. नुसत्या छापील पत्र्यावर लागत नाही. टवका उडाला असेल तिथे पांढऱ्याखाली काळसर कडे आणि मग लोखंड दिसले पाहिजे. खरे टवके स्क्रूच्या भोकांभोवती आणि कडांना असतात, किंवा पोरांनी दगड मारल्याचे चांदणीसारखे मध्येच असतात. सगळीकडे सारखाच पसरलेला तांबूस गंज पाहिला की मी पुढच्या दुकानात जातो. खऱ्या इनॅमलमध्येही नव्या नकला निघतात, तेव्हा भोकांकडे पाहावे. पन्नास वर्षे स्क्रूने आवळलेल्या भोकाची कड ताजी राहत नाही.

काळ ठरवायला मजकूर उपयोगी पडतो, आणि इथे मराठी वाचणाऱ्याला मोठा फायदा आहे. किंमत आण्यांत असेल तर पाटी बहुधा एप्रिल १९५७ च्या, म्हणजे दशमान नाण्यांच्या, आधीची. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसते ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा त्यापूर्वीची, आणि दुकान गिरगावातले. ‘इंपीरियल बँक’ १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. ‘जी. आय. पी. रेल्वे’ १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर १९५६ चा कंपनी कायदा आठवावा. पण मला सर्वांत आवडते ती शुद्धलेखनाची साक्ष. ‘येथें’, ‘नांव’, ‘दुकानांत’ असे अनुस्वार दिसले तर पाटी १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांच्या आधीची असण्याचा संभव मोठा. ‘अुपाहारगृह’ किंवा ‘अिस्त्री’ असे लिहिलेले मिळाले तर मालकाने किंवा रंगाऱ्याने सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी स्वीकारलेली होती. अर्थात रंगारी जुन्या सवयी सहज सोडत नाहीत. त्यामुळे एकाच खुणेवर साल ठरवू नये. दोन-तीन खुणा जुळल्या तर ‘सुमारे’ लावून लिहावे.

खरेदीपूर्वी मालकी पाहावी. रेल्वेस्थानकाच्या नावाच्या पाट्या, सिग्नलच्या चकत्या, रस्त्यांच्या नावाच्या नगरपालिकेच्या पाट्या यांना बाजारात मोठी मागणी असते. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लिलावाची पावती नसेल तर कितीही देखणी असली तरी हात लावू नये. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. परदेशी असलेल्या मुलाला भेट म्हणून पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

सध्या घाई करण्याचे एक कारण आहे. दुकानावरची पाटी देवनागरीत हवी, आणि तिचे अक्षर इतर लिपींपेक्षा लहान नको, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही लागू झाला. नियम मला मान्य आहे. पण इंग्रजीबरोबर गुजराती किंवा उर्दू अक्षरांत रंगवलेल्या जुन्या पाट्या त्याच्या निमित्ताने उतरतात, आणि पुनर्विकासात तर जुनी मराठी पाटीही चाळीबरोबर जाते. त्या जागी फ्लेक्स येतो. म्हणून नव्या संग्राहकाला मी एकच रस्ता किंवा एकच व्यवसाय निवडायला सांगतो. गावातली सगळी केशकर्तनालये घ्या, किंवा एका पेठेतली किराणा दुकाने. चार ब्रँडच्या चाळीस पाट्या कुणीही जमवील. पाटी अजून भिंतीवर असेल आणि दुकान चालू असेल तर ती तिथेच राहू द्यावी. फोटो काढावा, मालकाशी बोलावे, उतरवायची वेळ आली तर कळवा म्हणून सांगून यावे. असे मालक कळवतात, हा अनुभव आहे.

घरी आणलेली पाटी कोमट पाण्याने, साध्या साबणाने, मऊ फडक्याने पुसावी. तारेचा घासणा आणि आम्ल वर्ज्य. उघड्या लोखंडावर मेणाचा पातळ हात पुरे. रंगवलेली लाकडी पाटी तर घासूच नये. जुन्या रंगात शिसे असते. टांगताना स्क्रूखाली चामड्याची किंवा फायबरची चकती घालावी आणि शेवटचा आटा आवळू नये, नाहीतर काच तडकते.

पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे काका केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जन्मभर जमवल्या आणि १९७५ मध्ये संग्रह शासनाकडे सोपवला. आपला संग्रह उद्या कुणाकडे जायचा असेल तर सोबत वही हवी. तिच्यात प्रत्येक पाटीला क्रमांक द्यावा आणि जागा, दिशा, जमिनीपासूनची उंची, आजूबाजूची दुकाने, उतरवल्याची तारीख, कुणाकडून मिळाली आणि किती रुपयांना हे लिहावे. मागच्या बाजूचाही फोटो ठेवावा. तिथे कधी आधीच्या दुकानाचे नाव मिळते, कारण जुना पत्रा उलटा करून पुन्हा वापरण्याची रीत होती.