पंचांग घेऊन समुद्रावर

हेमंत ऋतु सुरू झाला कीं आमच्या पालघरच्या घरांतील मुलें पांघरुणांतून लवकर बाहेर येत नाहींत, आणि त्यांना बाहेर काढण्याची खटपट मोठीं माणसेंही करीत नाहींत. खिडक्या लावून घ्यावयाच्या, कानटोपी घालावयाची आणि सुटीचा दिवस मोबाइलच्या पडद्यापुढें घालवावयाचा, असा क्रम अनेक सुशिक्षित कुटुंबांत पडून गेला आहे. वस्तुतः कोंकणपट्टींतील थंडी ती केवढी! चार महिने पाऊस आणि चार महिने घाम यांच्यामधले हेच दिवस मुलांना घेऊन हिंडण्याचे. मात्र मुलांना नुसतें घराबाहेर नेलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें नव्हे. हें आम्हांस ज्या प्रसंगानें शिकविलें तो आमच्या अनवधानाचा असला तरी वाचकांपुढें ठेवीत आहों.

गतवर्षीं पौषांतील एका रविवारीं नऊ वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू यांना घेऊन आम्ही आगगाडीनें बोईसरला उतरलों आणि रिक्षा करून सकाळीं साडेसातास चिंचणीच्या किनाऱ्यावर पोंचलों. समुद्र फार दूर गेला होता; दृष्टि पोंचेल तेथपर्यंत ओली, चकचकीत वाळू. मुलें शिंपले वेंचीत पुढें गेलीं. त्यांना तारापुरच्या किल्ल्याची हकीकत सांगावी, चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत १७३९ सालीं मराठ्यांनीं तो पोर्तुगीजांकडून कसा घेतला तें वर्णावें, अशी जुळवाजुळव करीत आम्ही कांठावर बसलों होतों.

भरती समोरून येते अशी आमची समजूत. परंतु अशा सपाट किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे असतात व त्यांच्यामागें खोलगट पट्टे असतात. बाजूनें शिरलेलें पाणी प्रथम हे पट्टे भरतें. आम्हीं मान वर केली तेव्हां मुलें कोरड्या उंचवट्यावर खेळत होतीं, आणि त्यांच्या व आमच्यामध्यें पाणी पसरलें होतें. शिंपल्या काढणाऱ्या एका कोळीणबाईनें हांक मारली, मांडीइतक्या पाण्यांतून ती पलीकडे गेली, नातवाला कडेवर घेतलें, नातीचा दंड धरला आणि दोघांना आमच्यापुढें आणून उभें केलें. रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “बाबा, आज पुनव. पाणी दुपारच्याला भरणार. घरांत पंचांग नाय का?”

पंचांग होतें. परंतु जन्मभर मुलांस संस्कृत शिकविणाऱ्या आम्हीं तें एकादशी व मुहूर्त यांपलीकडे कधीं उघडलें नव्हतें.

किनाऱ्यावरील लोकांचा हिशेब अगदीं सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेची सव्वाअकरा; म्हणजे आम्ही गेलों तेव्हां पाणी वेगानें चढत होतें. चंद्र रोज उशीरां उगवतो व भरतीही रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडते, हें त्याचें कारण. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हां पाणी दूर जातें व तितकेंच वर येतें. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां त्याची हालचाल मंद असते.

यंदा नाताळच्या सुटींतील शुद्ध अष्टमी नातीनेंच शोधून काढली. या खेपेस दोन्ही मुलगे, सुना व मुलांची आजी, असें सारें घर निघालें. बाजरीच्या भाकऱ्या, वालपापडीची भाजी व तिळाचे लाडू बरोबर होते. दहा वाजतां पाणी मागें सरत होतें. नातीनें पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि दर पाव तासानें नवी काठी. बारा वाजून दहा मिनिटांनीं पाणी थबकलें! मोबाइलवरील वेळापत्रकाशीं ताडून पाहतां थोडक्या मिनिटांचाच फरक निघाला. हिवाळ्यांत उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी ओल्या वाळूवर उतरले होते. १९६९ सालीं सुरू झालेलें तारापुरचें अणुवीजकेंद्र समुद्राकांठींच कां बांधलें, असें नातवानें विचारलें. यंत्रें थंड ठेवण्यास पाणी लागतें म्हणून, असें त्याच्या बापानें सांगितलें. बाप-लेकांचें इतकें सलग बोलणें आम्हीं पुष्कळ दिवसांत ऐकलें नव्हतें.

सायंकाळीं भरती पुरी झाली आणि अंधार पडला. समुद्राकडे पाठ करून आम्हीं मुलांना पूर्वेस मृग नक्षत्र दाखविलें. पोटांतील तीन ताऱ्यांचा बाण, त्याच रेषेंत खालीं व्याध, वर रोहिणी. याच मृगाच्या आधारें वेदांचा काळ ठरविणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केला, हेंही सांगितलें.

आमच्या अनुभवाचें सार थोडक्यांत सांगतों. ओहोटीच्या मागून जावें, भरतीच्या आधीं परतावें; प्रत्येक लहान मुलामागें एक मोठें माणूस चालत असावें, बसलेलें नसावें; पाऊणपटीचा हिशेब स्थूल असल्यामुळें वेळापत्रक पाहावें, आणि तेवढ्यावर न थांबतां किनाऱ्यावरील माणसास विचारावें.

परततांना तीच बाई भेटली. आजीनें तिच्या हातावर लाडू ठेवले. नात पुढें होऊन म्हणाली, “मावशी, आज आठम. सहाला पाणी भरलें.” बाई हंसली, आमच्याकडे पाहिलें आणि नातीला म्हणाली, “आतां तूंच यांना सांभाळून आणीत जा.”